बोटाच्या ठशाची बंदूकपेटी: जागल करणाऱ्यांनी घ्यावी का?

पेटी साधीच आहे. लांबी तीन फूट, दीड मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, चार पेन्सिल सेल, झाकणावर बोट ठेवायची काच आणि प्लॅस्टिकच्या टोपणामागे लपवलेली आपत्कालीन चावी. ऑनलाइन अशा बिननावाच्या पेट्या ढिगानं आहेत आणि आतून जवळपास सगळ्या सारख्याच. रात्री वावराची राखण म्हणजे जागल करणाऱ्या, पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी बाळगणाऱ्यांसाठी माझं मत असं: घरात लहान लेकरं असतील आणि पेटी नीट बसवणार असाल तर घ्या. वावरातल्या झोपडीत ठेवायला मात्र अजिबात घेऊ नका.

तीन फुटांत बंदूक मावते का, हा पहिला प्रश्न. अख्खी मावत नाही. मोडणारी, म्हणजे काडतूस घालायला बिजागरावर मधेच दुमडणारी बंदूक असेल तर ती रिकामी आहे याची खात्री करा, नळीखालचा पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक मोडा, नळी बिजागरातून सोडवा. तीस-बत्तीस इंची नळी आणि कुंदा शेजारीशेजारी बसतात. जोडायला अर्धा मिनिट लागतो. पंपाची बंदूक अख्खी ठेवायची असेल तर ही पेटी विसरा, तिला साडेचार फुटी उभं कपाटच हवं.

आता बोटाकडे वळू, कारण खरं दुखणं तिथंच आहे. रेशन दुकानातल्या मशीनवर ज्यांचा अंगठा तीन-तीनदा लावूनही उमटत नाही, त्यांचा या पेटीवरही उमटणार नाही. कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांच्या शेंड्यांना ओरखडे काढतात. विळा आणि फवारणीचं औषध उरलेल्या रेषा घासून टाकतात, आणि डिसेंबरात कातडी तडकली की काच काहीच वाचत नाही. उपाय आहे. अंगठा आणि तर्जनी सोडा, डाव्या हाताची अनामिका नोंदवा, कारण ते बोट कामात सगळ्यात कमी झिजतं. तेच एक बोट पेटीत चार वेगवेगळ्या वेळा नोंदवा: एकदा कोरडं, एकदा हात धुऊन पुसल्यावर, एकदा किंचित तिरपं, एकदा संध्याकाळी वावरातून आल्याबरोबर. उघडत नसेल तर बोटावर तोंडाची वाफ मारा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

नोंदणी झाली की एक चाचणी चुकवू नका: घरातल्या दुसऱ्या माणसाचं आणि लेकराचं बोट लावून बघा. अशा काही पेट्या पहिला ठसा नोंदवेपर्यंत कोणत्याही बोटानं उघडतात. घरवाल्याला वाटतं नोंदणी झाली, प्रत्यक्षात झालेली नसते. २०२३ मध्ये अमेरिकेत याच दोषामुळे एका कंपनीला ६१ हजारांच्या आसपास पेट्या परत मागवाव्या लागल्या. एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवरून त्या कंपनीवर दावाही झाला होता.

दुसरी चाचणी ठोक्याची. बंद पेटी बोटभर उचलून सोडा, मुठीनं झाकणावर ठोका आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं झाकण उघडायची खुंटी फिरवा. स्वस्त पेटीत कडी एका स्प्रिंगवर आणि विजेच्या छोट्या खिळीवर अडकलेली असते. हादऱ्यानं खिळी क्षणभर मागे जाते आणि झाकण उघडतं. तसं झालं तर त्याच दिवशी परत करा. छोट्या मोटरनं कडी फिरवणारी पेटी थोडी महाग पडते, पण असली फसगत होत नाही.

बसवताना मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, पेटी खिळ्यासकट हातात येते. तळाला चार भोकं असतात. दहा मिलिमीटरचे अँकर बोल्ट सिमेंटच्या जमिनीत ठोका, नाहीतर सागाच्या खांबाला आरपार बोल्ट मारून मागं वॉशर आणि नट लावा. टिनाच्या खोलीत ठेवू नका. चैत्र-वैशाखात तिथं सेल पाझरतात आणि आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. सेल मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा बदलायचे, चालत असले तरी बदलायचे. चावी पेटीशेजारच्या खुंटीवर टांगणार असाल तर पेटीला खर्च कशाला करता? ती दुसऱ्या कुलपात ठेवा. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत.

आतला फोम पहिल्याच दिवशी उपटून टाका. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि नळी जिथं टेकते तिथं गंजाची रेघ उमटते. त्याऐवजी लाकडी आडव्या पट्ट्या, वर सुती कापड, नळीला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. गवसणीत घालून तर ठेवूच नका.

या पेटीवरून जी चर्चा निघते ती मोठी आहे: उद्या सरकारनं हा ठसा पेटीऐवजी थेट बंदुकीतच सक्तीचा केला तर? अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेलाय. न्यू जर्सी राज्यानं २००२ मध्ये कायदा केला की देशात कुठंही अशी ‘स्मार्ट’ पिस्तूल विकायला आली की तीन वर्षांत राज्यात फक्त तसलीच विकता येतील. झालं उलटंच. २०१४ मध्ये आरमॅटिक्स कंपनीची मनगटी घड्याळावर चालणारी पिस्तूल विकायला ठेवू म्हणणाऱ्या मेरीलँडच्या दुकानदारावर बंदूकवाले एवढे तुटून पडले की त्यानं माघार घेतली, कारण एक विक्री झाली असती तर न्यू जर्सीत सगळ्यांवर सक्ती आली असती. सक्तीच्या भीतीनं वस्तूच बाजारात येईना. शेवटी २०१९ मध्ये कायदा बदलला: मान्यताप्राप्त मॉडेल आलं की दुकानदारानं तसली एक तरी विक्रीला ठेवायची, एवढंच बंधन उरलं. ती घड्याळाची पिस्तूल २०१७ मध्ये एका हॅकरनं साध्या स्वस्त चुंबकांनी उघडून दाखवली, तेही घड्याळ जवळ नसताना. २०२३ मध्ये बायोफायर कंपनीनं बोट आणि चेहरा दोन्ही ओळखणारी पिस्तूल जाहीर केली, तेव्हा १,४९९ डॉलरला. पण ती ९ एमएमची, आणि हा बोअर आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध.

सक्तीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. लेकराच्या हातून गोळी सुटू नये, चोरलेली बंदूक चोराच्या कामी येऊ नये, हे कुणाला नको? शिवाय आपला परवाना मुळातच एका माणसाचा असतो. ज्याचं नाव परवान्यावर मालक किंवा रिटेनर (मालकाच्या वतीनं बंदूक बाळगणारा) म्हणून नाही, त्या राखणदाराच्या हाती जागलीला बंदूक देणं आजही गुन्हाच आहे. मात्र पेटी बिघडली तर दोन मिनिटं जातात, चावी आणता येते. तुरीतून रानडुक्कर अंगावर आलं आणि बंदुकीनं चिखलाचं बोट ओळखलं नाही, तर तिथं चावी कुठून आणायची? म्हणून कुलूप पेटीला असावं, चापाला नसावं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा पीक संरक्षणाला मुळात ठासणीची बंदूक धरून चालतो. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, तेवढा दिलासा. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

खरी अडचण निवडणुकीत होते, बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात तेव्हा. २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. त्याच दिवसांत तूर फुलावर, पऱ्हाटी (कपाशी) वेचणीला आणि पेरलेला हरभरा डुकरं उकरतात. सरसकट सगळ्यांनी बंदूक ठाण्यात जमा करावी असा निवडणूक आयोगाचा नियम नाही. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले यांच्यावर रोख ठेवून जिल्ह्याची छाननी समिती एकेक परवाना तपासते. पीक संरक्षणाचा परवाना, सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडून समितीकडे वेळेत अर्ज करा आणि पोच घ्या.

तरीही जमा करावी लागलीच तर पावतीवर बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून घ्या आणि रिकाम्या पेटीतले सेल काढून ठेवा. बंदूक परत आली की लगेच काडतूस घालू नका. महिना-दीड महिना कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी चिखलाचं घर करते, आणि अशा बुजलेल्या नळीत बार टाकला तर नळी फाटते. बंदूक मोडा, मागच्या बाजूनं नळी उजेडाकडे धरून आरपार बघा, आधी कोरडी आणि मग तेलाची चिंधी काठीनं फिरवा. आतली भिंत आरशासारखी गोल चमकली की जोडायला हरकत नाही.