टाळेबंदीतलं हलाल: ओळखीचा खाटीक की शिक्क्याचं पाकीट?

२०२० च्या टाळेबंदीत मी मांस दोन्ही तऱ्हेने आणून पाहिलं: ओळखीच्या खाटकाला फोन करून, आणि ॲपवरून, गोठवलेल्या पाकिटांत.

ॲपची सोय नाकारण्यात अर्थ नाही. रांग नाही, नोटांची देवाणघेवाण नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर एवढंही पुरेसं आहे. त्या वर्षी रमजान एप्रिलच्या अखेरीस लागला, आणि रोजा धरून रांगेत ताटकळण्यापेक्षा भरलेला फ्रीजर बरा वाटे. पाकिटावरचा हलालचा शिक्काही भक्कम असू शकतो. मलेशियाच्या जाकिमसारखी संस्था कत्तलखाना तपासूनच तो देते.

माझं बिनसलं ते बदली मालावरून. मागवलेलं संपलं की ॲपवाले न विचारता 'मिळतंजुळतं' पाठवायचे. मिळतंजुळतं म्हणजे वजन आणि काप. हलाल त्यांच्या हिशेबातच नव्हतं. इफ्तारला तासभर उरला असताना असंच एक पाकीट हाती आलं. साबणाच्या पाण्याने पुसलं, वरचा बर्फ नखाने खरवडला, मोबाइलच्या टॉर्चमध्ये बारीक अक्षरं वाचली. 'हलाल' छापलं होतं. कोणी प्रमाणित केलं, ते कुठेच नव्हतं. जबीहा, म्हणजे इस्लामी रीतीने जनावर कापणं, हाताने की यंत्राने, आधी बेशुद्ध करायला विजेचा झटका दिला की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत, म्हणूनच तर मला विचारायचं होतं. चॅटवर उत्तर आलं, पैसे परत करतो. पैसे मागितले होते कोणी? ते पाकीट तीन आठवडे फ्रीजरमध्ये पडून राहिलं. खाववेना, टाकवेना.

खाटकाचेही ताप होतेच. फोन लागायचा नाही, काप कधी जाड तर कधी चिंधड्या. पण माल नसला तर सरळ सांगायचा, "आज नाही, परवा." आणि सुरी कोण चालवतं, हे त्याला विचारायला मला कधी अवघड वाटलं नाही. माझ्यापुरतं तेवढ्यावर भागलं. तुमचा खाटीक तसा नसेलही.

मात्र सॉसेज, चीज, जेली यांना खाटीक काय करणार? ई४७१, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ, प्राण्यापासून की वनस्पतीपासून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तिथे शिक्काच बघावा लागतो.

विलगीकरणात असाल तर अर्थात ॲपच. फक्त 'बदली माल नको' ही खूण आधी करून ठेवा. ती सेटिंगमध्ये इतकी आत दडलेली होती की मला सापडली ईदच्या आदल्या रात्री.