टेकडीआडच्या घरासाठी लांब एरियलचा रेडिओ

रेडिओ घेताना बहुतेक जण दुकानातच आवाज ऐकून निर्णय घेतात, आणि तिथे तो चांगलाच येतो, कारण दुकानदार शहरातले सर्वांत जोरकस स्टेशन लावून दाखवतो. तापकीर गल्लीतून दीड हजारांच्या आत घेतलेल्या, सेलवर आणि विजेवरही चालणाऱ्या या टेबल रेडिओची परीक्षा म्हणूनच मी कोथरूडमधल्या घरी, क्षीण लागणाऱ्या स्टेशनांवर केली. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह वगैरे सोयी त्यात आहेत, पण त्यांसाठी कोणी रेडिओ घेऊ नये.

एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. आमचे घर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या मध्ये वेताळ टेकडी आडवी आहे. त्यामुळे १०१ मेगाहर्ट्झवरील विविध भारती कोणत्याही संचावर ठणठणीत लागते, तर विद्यापीठाचे १०७.४ वरील सामुदायिक रेडिओ केंद्र ‘विद्यावाणी’ आमच्यापर्यंत थकून पोहोचते. सामुदायिक केंद्रांना मुळात साधारण १०० वॅटपर्यंतच प्रसारणशक्तीची परवानगी असते. शिवाय एफएममध्ये संकेत (सिग्नल) एका मर्यादेखाली गेला की आवाज नुसता लहान होत नाही, तो खरखरीत बुडून जातो, आणि खरखर ऐकत बसण्याइतका धीर कामाच्या घाईत कोणालाच नसतो. मोबाइलवर इअरफोनची वायर हेच एरियल असल्याने ती जरा हलली की स्टेशन निसटायचे. परिणामी घरात जे स्वच्छ लागते तेच ऐकले जाऊ लागले, आणि मुलाखती, व्याख्याने, स्थानिक विषयांवरच्या गप्पा ऐकण्याची सवय आवड असूनही सुटली.

या संचाने ती परत लावली, याचे मुख्य श्रेय त्याच्या एरियलला आहे. पूर्ण उघडल्यावर ते साधारण पाऊण मीटर भरते. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते आणि तिचा चौथा भाग एवढाच होतो, म्हणून ही लांबी नेमकी उपयोगाची आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, फ्रिजच्या शेजारी, विद्यावाणी तुटक लागते. तोच संच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून एरियल थोडे तिरके केले की निवेदिकेचा शब्द न् शब्द कळतो. हाताचा पंजा एरियलजवळ नेला तरी फरक पडतो, म्हणून स्टेशन लावून झाल्यावर दोन पावले मागे सरून ऐकावे.

हेडफोनसाठी दिलेले स्टिरिओ-मोनोचे बटण मला या किमतीत सर्वांत मोलाचे वाटले. डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावरून, म्हणजे मुख्य संकेतातच मिसळलेल्या दुय्यम लहरीवरून, येतो आणि संकेत क्षीण असला की गोंगाट त्याच भागात अधिक शिरतो. बटण मोनोवर, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देण्यावर, केले की गाण्याचा विस्तार जातो, परंतु बोलणे स्वच्छ होते. ज्यांना क्षीण केंद्रांवरचे बोलण्याचे कार्यक्रम ऐकायचे आहेत, त्यांनी हे बटण नसलेला संच घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवा दोन आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सोबत मिळालेल्या अडॅप्टरवर चालवला की क्षीण स्टेशनांवर बारीक गुणगुण येते, सेलवर ती नाहीशी होते. म्हणजे ज्या कामासाठी हा संच घ्यायचा, त्याच कामात सेलचा खर्च वाढतो. एरियलचा बुडाचा सांधाही सैल आहे, वारंवार वळवले की ते हळूहळू खाली कलते.

केवळ दोन-तीन मोठी स्टेशने ऐकणाऱ्यांना याहून स्वस्त संच पुरेल. टेकडीच्या आडोशाला, खोलगट भागात किंवा शहराबाहेर राहणाऱ्यांनी हा जरूर घ्यावा, मात्र घरी लावून पाहून परत करण्याची मुभा दुकानदाराकडून आधीच ठरवून घ्यावी, आणि पहिल्याच दिवशी आपले सर्वांत क्षीण लागणारे स्टेशन सेलवर लावून पाहावे.