ब्लॉक की रीसेट? पिकलबॉलमध्ये मऊ हाताचा बचाव आधी कोणता शिकावा

आमच्या हॉलवर संध्याकाळी सातच्या बॅचला येणारे बरेच जण एकाच जागी अडकलेले दिसतात. सर्व्हिस व्यवस्थित पडते, फोरहँड जोरकस आहे, पळणंही बरं आहे. पण समोरून चेंडू वेगात आला की तितक्याच जोरात परत मारायचा, एवढं एकच उत्तर हाताला ठाऊक असतं. मग चेंडू जाळीत तरी जातो, नाहीतर समोरच्याच्या खांद्याच्या उंचीवर आयता जाऊन बसतो. यावर मऊ हाताचे फटके हाच उपाय आहे, हे सगळ्यांच्या कानावर पडलेलं असतं. अडतं ते त्याच्या पुढे. आठवड्यातून तीन दिवस तासभर कोर्ट मिळतं. त्यातली वीस मिनिटं सरावाला काढली, तर ती ब्लॉकवर (जाळीजवळ उभं राहून वेगवान चेंडू नुसता पॅडलवर थोपवणं) घालवायची की रीसेटवर (कोर्टाच्या मध्यातून पायाशी आलेला चेंडू हळूच उचलून टाकणं)?

वरवर पाहिलं तर दोन्हींचं काम एकच आहे. आलेल्या चेंडूतला वेग काढून घ्यायचा आणि तो समोरच्याच्या किचनमध्ये, म्हणजे जाळीलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्यात (इथे उभं राहून टप्प्याआधी चेंडू मारला की फॉल्ट), असा टाकायचा की त्याला तो खालून वर उचलावाच लागेल. पण हे दोन फटके कोर्टाच्या वेगवेगळ्या जागी लागतात आणि शरीराकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात. चुकल्यावर मोजावी लागणारी किंमतही सारखी नसते.

कोण कुठे सापडतो

पिकलबॉलमध्ये सर्व्हिसचा चेंडू समोरच्याने टप्पा घेऊनच खेळायचा असतो आणि त्याचा परतावा सर्व्हिस करणाऱ्या जोडीनेही टप्पा घेऊनच. या नियमामुळे सर्व्हिस करणारी जोडी तिसऱ्या फटक्यापर्यंत मागे बांधलेली राहते. परतावा देणारी जोडी मात्र चेंडू खोल टाकून सरळ किचनच्या रेषेवर येऊन उभी राहू शकते. म्हणजे रॅली सुरू होतानाच एक जोडी पुढे, एक मागे.

पुढे उभ्या असलेल्यांच्या अंगावर जोरात मारलेला तिसरा फटका येतो. त्यांना ब्लॉक लागतो. मागच्यांना बेसलाइनपासून किचनच्या रेषेपर्यंत १५ फूट पार करायचे असतात, आणि त्या वाटेत समोरचा त्यांच्या पायात चेंडू घालत राहतो. त्यांना रीसेट लागतो. नेहमीच्या गुणपद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. म्हणून माझ्या हिशेबात ब्लॉक समोरच्याचे गुण अडवतो आणि रीसेट आपल्या गुणांकडे जायची वाट मोकळी करतो. आपण कुठे कमी पडतो आहोत हे ठरवायला ही विभागणी फार उपयोगी पडते.

ब्लॉक: वेळ कमी, काम थोडं

दोघंही आपापल्या किचनच्या रेषेवर असले की मधलं अंतर १४ फुटांचं, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास. ताशी ६० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हे अंतर पाव सेकंदाच्या आगेमागे कापतो. एवढ्या वेळात पॅडल मागे नेऊन पुढे आणायला सवडच नसते. ब्लॉकमध्ये म्हणूनच मारायचं काही नसतं. पॅडल आधीपासून छातीसमोर, अंगापासून थोडं पुढे धरलेलं असतं आणि चेंडू त्याच्यावर येऊन आपटतो. आपण ठरवायच्या गोष्टी दोनच: पॅडलचा कोन आणि पकड किती घट्ट.

पकडीचा मुद्दा क्रिकेट खेळलेल्या माणसाला एका वाक्यात कळतो. वेगवान गोलंदाजाचा उसळलेला चेंडू खेळताना चांगला फलंदाज खालचा हात सैल सोडतो, म्हणून चेंडू बॅटला लागून पायाशीच पडतो. हात कडक राहिला तर तोच चेंडू शॉर्टलेगच्या हातात जातो. इथेही तसंच आहे. पॅडल करकचून धरलं की पॅडलचा सगळा कडकपणा चेंडूला मिळतो आणि तो उसळून वर चढतो. बोटं सैल असली की धक्का हातात जिरतो.

सैल म्हणजे किती? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्या तीनच बोटांनी पॅडल धरा, उरलेली दोन दांड्यावर नुसती टेकवा, आणि जोडीदाराला रेषेवरून मध्यम जोराने अंगावर चेंडू द्यायला सांगा. पहिले पाच-सहा चेंडू पॅडल हातात फिरवतील. मग एक चेंडू असा येईल की नेहमीच्या ‘टॉक’ऐवजी ‘टप्प’ असा दबका आवाज होईल आणि चेंडू जाळीपलीकडे दोन फुटांवर मरून पडेल. तो आवाज कान देऊन ऐका. सरावात नजर चेंडूच्या मागे जाते आणि हाताकडे दुर्लक्ष होतं, पण पकड पुन्हा आवळली गेली की कान लगेच सांगतो. मग पाचही बोटं दांड्यावर ठेवून तोच आवाज काढायचा प्रयत्न करा.

दुसरी गोष्ट बाजूची. ब्लॉकमध्ये बहुतेक चेंडू बॅकहँडनेच घ्यावेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॅकहँड डाव्या बाजूपासून थेट उजव्या कमरेपर्यंतचा भाग झाकतो. फोरहँड लागतो तो फक्त उजवीकडे लांब गेलेल्या चेंडूला. अवघड जागा म्हणजे उजवी काख आणि तिच्याखालची बरगडी. तिथे चेंडू आला की हात ठरवू शकत नाही आणि कोपर अंगाला चिकटून अडकतं. जाणकार प्रतिस्पर्धी मुद्दाम तिथेच मारतात. यावर हाताने काही करण्यापेक्षा डावीकडे अर्धं पाऊल सरकणं आणि कोपर थोडं वर उचलणं जास्त कामी येतं.

रीसेट: वेळ थोडा जास्त, काम बरंच

रीसेट कोर्टाच्या मधल्या पट्ट्यात खेळायचा असतो. चेंडू पायाशी येतो, कधी टप्पा पडायच्या आत, कधी टप्पा पडून लगेच. तो जाळीच्या बराच खाली असतो, म्हणून नुसतं पॅडल धरून भागत नाही, त्याला उचलावं लागतं. जाळी दोन्ही टोकांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच असते. त्यावरून चेंडू न्यायचा आणि पुढच्या सात फुटांत उतरवायचा, तर त्याच्या कमानीचा सर्वांत उंच बिंदू आपल्याच बाजूला, जाळीच्या अलीकडे यायला हवा. जाळी ओलांडताना चेंडू खाली उतरत असला पाहिजे. चुकलेल्या रीसेटकडे नीट पाहिलंत तर बहुतेक वेळा हेच दिसेल: चेंडू जाळीवरून जातानाही वरच चढत होता.

हे उचलणं मनगटाने केलं की फटक्याचा भरवसा राहत नाही. पॅडलचं तोंड आकाशाकडे थोडं उघडं ठेवायचं, मनगट स्थिर ठेवायचं आणि हालचाल खांद्यातून आणि गुडघ्यांतून करायची. भरलेली कळशी जमिनीवरून उचलताना माणूस जसा आधी गुडघ्यात बसतो, तसं चेंडूच्या उंचीला उतरायचं. कमरेत वाकून हात खाली सोडला की नजर आणि चेंडू यांतलं अंतर वाढतं आणि अंदाज चुकतो.

आणि थांबायचं. धावता धावता रीसेट खेळायला जाणं ही मला दिसणारी सर्वांत मोठी चूक आहे. किचन गाठायची घाई असते, हे समजतं. पण समोरचा चेंडूला पॅडल लावत असताना तुमचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले हवेत, मग तुम्ही कोर्टाच्या मध्यात का असेना. रीसेट चांगला पडला तर पुढचे चार-पाच फूट सरका, नाही पडला तर तिथेच राहून दुसरा खेळा. एका रॅलीत दोन-तीन रीसेट लागले तरी काही बिघडत नाही.

चुकण्याची किंमत इथे जास्त आहे. रेषेवरचा ब्लॉक थोडा उंच गेला तरी तुम्ही जाळीपाशीच आहात, हातघाईवर येऊन कधीकधी निभावून जाता. मधल्या पट्ट्यातला रीसेट उंच गेला तर समोरच्याला खालच्या दिशेने मारायला पूर्ण कोर्ट मोकळं मिळतं.

तुमची पार्श्वभूमी काय आहे

आपल्याकडे बरेच लोक बॅडमिंटनमधून या खेळात आले आहेत, आणि ते साहजिकही आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तोच जॉएल प्रिचर्ड यांच्या घरच्या बॅडमिंटन कोर्टवर. आजही पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४ फुटांचं, बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच आहे. मुंबईच्या सुनील वालावलकरांनी हा खेळ भारतात आणला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी तो बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेप लावूनच रुजला. (टेप लावताना एक काळजी घ्या. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, किचनची सात फुटांवर. जुन्याच रेषेवर भागवलं तर पायांना चुकीच्या जागेची सवय लागते आणि खऱ्या कोर्टवर फॉल्ट होतात.)

बॅडमिंटनवाल्यांची नजर आणि हात जाळीपाशी तयार असतात, त्यामुळे ब्लॉक त्यांना पंधरवड्यात जमून जातो. त्यांना रीसेट छळतो, कारण मनगट आपोआप झटका देतं. टेबल टेनिसवाल्यांचं बरंचसं असंच. टेनिसवाल्यांचं उलट असतं. खाली बसून चेंडू उचलणं त्यांना परकं नाही, पण ब्लॉकच्या वेळी पॅडल सवयीने मागे जातं आणि तेवढ्यात चेंडू येऊन आदळतो. क्रिकेटशिवाय दुसरं काही न खेळलेल्यांना ब्लॉक लवकर कळतो.

गुडघे दुखत असतील तर रीसेट जपून शिका. पन्नाशी-साठीच्या खेळाडूंना मी सांगतो की परतावा खोल आणि उंच टाका, म्हणजे रेषेवर पोहोचायला सवड मिळेल आणि मधल्या पट्ट्यात वाकायची पाळी कमी येईल. या मंडळींसाठी ब्लॉक हाच मुख्य बचाव ठरतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पॅडल बदलून काही होतं का

थोडं होतं. १६ मिलिमीटर जाडीचं पॅडल १३ मिलिमीटरच्या पॅडलपेक्षा चेंडूचा वेग जास्त जिरवतं. ब्लॉकला हा फरक जाणवतो, रीसेटला त्याहून जास्त, कारण तिथे चेंडू बऱ्याचदा पॅडलच्या मधोमध लागत नाही. पण घट्ट मुठीत जाड पॅडलही उसळीच देतं. तीन बोटांचा सराव करून झाल्याशिवाय नवं पॅडल घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चेंडूचंही लक्षात ठेवा. हॉलमध्ये वापरायचा २६ भोकांचा चेंडू मऊ असतो, उघड्यावरचा ४० भोकांचा कडक आणि चपळ. आत जमलेला ब्लॉक बाहेर पहिल्या दिवशी उंच गेला तर पकड आणखी सैल करा, फटका बदलू नका.

लॉबचं काय

दबावाखाली चेंडू सरळ डोक्यावरून उडवणं हा तिसरा मार्ग पुष्कळ जण निवडतात. अधूनमधून तो चालतोही. पण रोजचा बचाव म्हणून मी तो सुचवणार नाही. किचनच्या रेषेमागे फक्त १५ फूट जागा असते. लॉब जरा आखूड पडला की स्मॅश, जरा लांब गेला की बाहेर. शिवाय वयस्क खेळाडू लॉबमागे उलट्या पावलांनी धावतात आणि तोल जाऊन पाठीवर पडतात. तुमच्यावर लॉब आलाच तर आधी वळा, मग पळा.

मग आधी काय

बहुतेकांनी आधी ब्लॉक शिकावा, असं माझं ठाम मत आहे. रीसेटला लागणारी सैल पकड ब्लॉकमध्ये स्वस्तात शिकता येते, कारण तिथे पाय, गुडघे आणि कमान यांची चिंता नसते. पकड तयार नसताना रीसेटला हात घातला तर एकाच वेळी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि महिनाभराने माणूस पुन्हा जोरात मारायला लागतो.

याला एक अपवाद आहे. पुढचे तीन गेम खेळताना जोडीदाराला एवढंच मोजायला सांगा: तुम्ही हरलेल्या रॅलीत शेवटचा चेंडू खेळताना तुमचे पाय कुठे होते, रेषेवर की मधल्या पट्ट्यात? निम्म्याहून जास्त वेळा मधल्या पट्ट्यात असलात, तर तुम्हाला रेषा गाठताच येत नाहीये आणि ब्लॉक करायची वेळच येत नाहीये. मग आठवडाभर ब्लॉकवर पकड तयार करून सरळ रीसेटकडे वळा.

बाकीच्यांनी दहापैकी सात ब्लॉक किचनमध्ये पडायला लागेपर्यंत तिथेच राहावं. मग ‘सात-अकरा’ खेळायला घ्या. अर्ध्या कोर्टवर एक जण किचनच्या रेषेवर, दुसरा बेसलाइनवर. रेषेवरच्याला जिंकायला ११ गुण लागतात, मागच्याला ७. मागचा रीसेट करत पुढे येतो, पुढचा ब्लॉक करून त्याला अडवतो. गेम संपला की जागा बदला. वीस मिनिटांत दोन्ही फटक्यांचा सराव होतो आणि आज आपला कोणता फटका कच्चा आहे ते फळ्यावरच्या आकड्यातच दिसतं.