एक्झॉस्ट लीकचं काम: अक्कलकोट रोडचं सायलेन्सर वर्कशॉप

सोलापुरात सायलेन्सरला टाका मारून देणारे पुष्कळ. लीक कुठे आहे आणि पाइप का फुटला, हे आधी शोधणारे थोडे. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडचं हे पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप त्या थोड्यांपैकी.

गाडी सात सीटर डिझेल, बीएस४, १ लाख ३० हजार किलोमीटर चाललेली. सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून माग चालल्यासारखी टकटक, दहा मिनिटांत ती गप्प, आणि सिग्नलला उभं राहिलं की आत धुराचा वास. लोखंड तापून फुगतं, फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. गरम गाडी घेऊन गेलात तर निम्मा पुरावा वाटेतच मिटलेला असतो. इथे गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून घेतात आणि सकाळी थंड इंजिनवर बघतात. याला दहापैकी दहा.

पाना उचलण्याआधी दोन प्रश्न येतात. एसीला बाहेरची हवा बंद केली की वास कमी होतो का? होत असेल तर संशय बॉनेटखाली, कारण ती हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत येते. होत नसेल तर टेल पाइप तुटून आखूड झालाय का, डिकीचं रबर गेलंय का, ते बघायचं. दुसरा प्रश्न पिकअपचा. टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) आधी, म्हणजे मॅनिफोल्डला (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपला) लीक असेल तर टर्बो फिरवणारा दाबच कमी पडतो आणि गाडी मरगळते. टर्बोनंतर असेल तर नुसता आवाज आणि वास. या गाडीचा पिकअप शाबूत होता, त्यामुळे मॅनिफोल्ड खोलायचा खर्च तिथेच वाचला.

मग ओल्या फडक्याचा बोळा टेल पाइपच्या तोंडाशी तीन-चार सेकंद धरला. आत दाब वाढून फुसफुस मोठी झाली. इंजिन बंद करून मागून ब्लोअरची हवा सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे दोन जागी आले: टर्बोखालच्या फ्लँजवर (पाइप बोल्टने जोडायच्या चपट्या तोंडावर), जिथे काजळीचा पिसासारखा फराटा आधीच उमटला होता, आणि जाळीच्या फ्लेक्स पाइपवर (इंजिनचे हादरे सोसणाऱ्या लवचिक तुकड्यावर). पाइपात धूर भरून गळती दाखवणारं स्मोक मशीन यांच्याकडे नाही. या कामात अडलं नाही, पण बारीक भेगेसाठी ते असायला हवं.

फ्लँजच्या तीन स्टडपैकी (बिनडोक्याच्या बोल्टांपैकी) एक तुटून आत राहिला होता. इथे घाईचा मेकॅनिक थेट ड्रिल लावतो, ड्रिल सरकतं आणि टर्बोच्या हाउसिंगचे आटे जातात. यांनी तुटक्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला. त्या उष्णतेनेच गंज सुटला आणि पान्याच्या पाव-पाव फेऱ्यांत, पुढेमागे करत, बुंधा बाहेर आला. मग ८ × १.२५ चा टॅप फिरवून आटे साफ केले, फ्लँजवर सरळ पट्टी धरून वाक तपासला आणि नव्या स्टडना अँटी-सीझ (आटे गंजून अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) लावलं. पॅकिंग शीट कापून बनवलेलं नाही, स्टीलच्या थरांचं. सिलिकॉन मागितलं तरी लावत नाहीत, आणि तेच बरोबर: साधं सिलिकॉन तीनशे अंशांच्या आसपास हात टेकतं, इथे तापमान त्याच्या बरंच वर जातं. शिवाय पेट्रोल गाडीत त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते.

खरी कमाई पुढे. फ्लेक्स का फाटला? इंजिन ज्यावर टेकतं ते फाउंडेशन रबर दबून बसलेलं, त्यामुळे गिअर टाकला की इंजिन डुलायचं आणि त्याचा सगळा पीळ जाळीवर. वर मागचं एक हँगर रबर तुटून सायलेन्सरचं वजन लोंबत होतं. नुसता फ्लेक्स बदलला असता तर तोही असाच फाटला असता. नवा फ्लेक्स मिग वेल्डिंगने बसवला. साध्या आर्कने पातळ पाइपला भोकं पडतात.

आता खटकलेलं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह सांगितल्यावर काढली. हे सांगावं लागू नये, वेल्डिंगच्या करंटने जळू शकणारा ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) स्वस्त नसतो. अर्थचा चिमटा आधी चॅसीला लावला होता, तोही सांगून वेल्डच्या जवळ पाइपवर घेतला. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) आहे, पण खोक्यात. मागितला की निघतो. नट हाताच्या अंदाजाने आवळू देऊ नका, मॅन्युअलमधला आकडा सोबत न्या.

बिल असं: पॅकिंग ४२०, स्टड-नट २७०, फ्लेक्स १,९००, फाउंडेशन रबर २,६००, मजुरी २,२००. एकूण ७,३९० रुपये. हँगर रबराचे पैसे लावले नाहीत. जुने पार्ट पिशवीत घालून परत मिळाले. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनवर पुन्हा साबणाचं पाणी मारून दाखवलं, एकही बुडबुडा नाही.

पाचशे किलोमीटरनंतर थंड गाडीवर नट पुन्हा तपासायला फुकट बोलावतात. वेल्डिंगची सहा महिन्यांची हमी मात्र तोंडी आहे, बिलावर लिहून घ्या.