दीडशे सीसी, ३१ मिमीचे फोर्क आणि विम्याचा सर्व्हेअर : दुसऱ्या वर्षातला अनुभव

ॲव्हरेज, सीट, हेडलाईट यांवर सगळेच लिहितात. मी फक्त माझ्या बाईकच्या पुढच्या फोर्क पाईपांबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाईपांबद्दल लिहिणार आहे. सिंहगड रस्त्यावर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि माझं चाक त्याच्या मागच्या बंपरवर आदळलं. वेग फार नव्हता. मला नुसतं खरचटलं, पण दोन्ही पाईप खालच्या टीच्या (दोन्ही पाईप हँडलखाली एकत्र धरणारा क्लॅम्प) लगेच खाली वाकले आणि चाक इंजिनाला टेकलं.

तेव्हा कंपनीवर जाम चिडलो होतो. पाईपच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला, तर ताठपणा साधारण व्यासाच्या घनाने वाढतो. म्हणजे ३१ ऐवजी ३७ मिमी पाईप दिला असता तर तो जवळपास १.७ पट ताठ झाला असता. एवढ्याशा लोखंडात काटकसर कशाला?

पुढे नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी चेसी तपासली. हँडलची मान, म्हणजे चेसीचा हँडल बसतो तो भाग, अगदी सरळ होती. "पाईप वाकले म्हणून चेसी वाचली. पाईप बदलता येतात हो, चेसी आऊट झाली की गाडी गेली," ते म्हणाले. पटलं. समोरून धडक बसली की जोर चाकातून फोर्कमध्ये चढतो, सगळ्यात जास्त ताण टीपाशी येतो आणि पाईप तिथेच वाकत तो जोर खातो. मोठ्या व्यासाचे पाईप मला आजही हवेत, पण खड्डे आणि जोराच्या ब्रेकसाठी. धडकेत वाकले ही तक्रार मात्र मी मागे घेतो.

खरा संताप सर्व्हिस सेंटरचा. "प्रेसवर सरळ करून देतो, सर्व्हेअर तेवढंच मंजूर करतात." का म्हणून? एकदा कायमचं वाकलेलं पोलाद सरळ दिसलं तरी त्याचा भरवसा राहत नाही. पाईपवरचा हार्ड क्रोमचा मुलामा ठिसूळ असतो, त्याला बारीक चिरा पडतात, तिथे गंज धरतो आणि ऑइल सील फाटतं. ते ऑइल ओघळून पुढच्या डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणार कसा? कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पाईपच्या वाकडेपणाची मर्यादा ०.२ मिमी असते आणि वाकलेला पाईप सरळ करू नका, बदला, असं स्पष्ट छापलेलं असतं. ते पान मी काउंटरवर ठेवलं. शिवाय गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर विम्यात धातूच्या भागांवर घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) फक्त १० टक्के कापतात. एवढ्यासाठी मी जीव टांगणीला का लावावा? बरीच हुज्जत घातल्यावर नवे पाईप मंजूर झाले.

नव्या पाईपांवर अख्खा पावसाळा गेला. सील कोरडी आहेत, गाडी एका बाजूला ओढत नाही. समाधानी आहे.

पैसे वाचवायचे तर इथे वाचवा: पडल्यावर हँडल तिरकं झालं म्हणजे पाईप वाकलेच असं नाही. कधी नुसता पीळ बसलेला असतो, टीचे आणि एक्सलचे बोल्ट सैल करून तो काढता येतो. शंका असेल तर पाईप उतरवून सपाट काचेवर लोळवायला सांगा, वाकडा असेल तर डोलतो. आणि बिलावर दोन्ही पाईपांचे पार्ट नंबर बघा. नुसतं 'फोर्क रिपेअर' लिहिलं असेल तर सही करू नका.