जिरं, दालचिनी, मोहरी: तपासणीचे पैसे नेमके कुठे घालावेत?

मार्च लागला की मसाल्याची कामं सुरू होतात आणि माझे फोनही. कधी बचत गटातल्या ताई असतात, कधी नुकताच गृहउद्योगाचा परवाना काढलेला एखादा तरुण. प्रश्न ठरलेला: "मसाला लॅबला द्यायचाय, कुठली टेस्ट करू?" मी आधी विचारते, मसाल्यात काय काय पडतं आणि तो जाणार कुठे? गावच्या आठवडी बाजारात विकायचा गोडा मसाला आणि जर्मनीतल्या मराठी दुकानात पोहोचायचा गोडा मसाला चवीला एकच असला, तरी तपासणीच्या दृष्टीने ते दोन वेगळे माल आहेत.

कीडनाशकं, बुरशीचं विष, शिसं यांबद्दल आता बरंच बोललं जातं. इथे मी बोलतेय ते वनस्पतींनी स्वतः तयार केलेल्या विषांबद्दल. काही विषं मसाल्याच्या झाडातच असतात, तर काही शेतातल्या तणाबरोबर पोत्यात येतात. ती शोधायचे मार्ग तीन: डोळा आणि चाळण, रंग बदलणाऱ्या थेंबांच्या चाचण्या, आणि प्रयोगशाळेतलं यंत्र. कुठला मार्ग चांगला, याचं सरसकट उत्तर नाही, म्हणून एकेक जिन्नस घेऊ.

मोहरी: डोळा पुरतो, पण माल अख्खा हवा

पिवळा धोत्रा आपल्या पडीक रानात सगळीकडे दिसतो. पिवळी फुलं, काटेरी पानं, तोडलं की पिवळा चीक. त्याचं बी मोहरीत सहज मिसळून जातं, आणि त्यातल्या सँग्विनरीन या विषामुळे पाय सुजतात, दम लागतो, हृदयावर ताण येतो. 1998 मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलामुळे याची मोठी साथ आली आणि साठाहून अधिक माणसं गेली.

अख्ख्या मोहरीत हे बी ओळखायला यंत्र लागत नाही. पांढऱ्या ताटलीत दोन चमचे मोहरी पसरा आणि उजेडात भिंगाखाली बघा. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, धोत्र्याचा खरखरीत, जाळीदार. शंका आली तर दाणा नखाखाली दाबा: मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा. हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी करायला लावते. अर्ध्या तासात त्यांचा डोळा तयार होतो.

तेल किंवा मोहरीची पूड विकत घेत असाल, तर डोळ्याचा उपयोग संपला. तेलात नायट्रिक आम्ल घालून हलवल्यावर खालच्या आम्लाच्या थरात लाली येते का, ही जुनी चाचणी आहे. पण ती मिसळ बऱ्यापैकी असेल तेव्हाच बोलते, आणि हे आम्ल घरात ठेवायची वस्तू नाही. कमी प्रमाण पकडायचं तर प्रयोगशाळेत पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून दाखवणारी चाचणी, करून घ्या. माझं मत विचाराल तर पूड घेऊच नका. अख्खी मोहरी घ्या, पाखडा, निवडा, मग दळा.

दालचिनी: आधी ओळख, मग मोजमाप

बाजारात ‘दालचिनी’ म्हणून मिळणाऱ्या साली दोन जातकुळीच्या असतात. खरी दालचिनी पातळ, फिकट तपकिरी, कागदाच्या अनेक घड्या एकात एक गुंडाळाव्यात तशी. बोटांनी चुरडली की मोडते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तेज’ हे वाण याच जातीचं. दुसरी ती कॅसिया, म्हणजे तज: जाड, गडद, कडक, एकाच पदराची, दातांनीही लवकर न तुटणारी. आपल्या अन्न सुरक्षा नियमांतही या दोघींना वेगळी नावं आणि वेगळी मानकं आहेत, दुकानात मात्र दोन्ही एकाच बरणीत.

हा फरक महत्त्वाचा ठरतो कुमारिन या सालीतल्याच नैसर्गिक द्रव्यामुळे. खऱ्या दालचिनीत ते नावापुरतं असतं. तजमध्ये, जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने सरासरी म्हणून धरलेल्या आकड्यानुसार, किलोला सुमारे 3 ग्रॅम. काही माणसांच्या यकृताला त्याचा त्रास होतो. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने रोज चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम ठरवली आहे. 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम, म्हणजे रोज सुमारे 2 ग्रॅम तज.

आता आपल्या ताटातला हिशेब मांडू. गोड्या मसाल्यात शेकडा 3 भाग तज धरली आणि एका माणसाच्या पोटात दिवसाला 5 ग्रॅम मसाला गेला, तर तज झाली 0.15 ग्रॅम आणि कुमारिन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. आमटीभाजीपुरतं घाबरायचं कारण नाही. काळजी वाटते ती साखर आटोक्यात राहावी म्हणून रोज सकाळी चमचाभर दालचिनी पूड कोमट पाण्यातून घेणाऱ्यांची. तो चमचा तजचा असेल तर एका घोटातच मर्यादा ओलांडली जाते. तुम्ही अशी पूड ‘आरोग्यासाठी’ म्हणून विकत असाल, तर कुमारिनची तपासणी तुमच्यासाठी ऐच्छिक नाही असं मी मानते, मग नियम काहीही म्हणो.

साल अख्खी असेल तर ओळख डोळ्याने होते. पूड असेल तर आयोडीनची युक्ती आहे: चिमूटभर पूड पाण्यात उकळून गार करा, दोन थेंब आयोडीन टाका. तजमध्ये पिष्ट जास्त, त्यामुळे गडद निळा रंग येतो. खरी दालचिनी फारसा रंग बदलत नाही. पण कुणी पुडीत तांदळाचं पीठ मिसळलं असेल तरी निळंच होणार. आणि रंगावरून कुमारिन किती, हे कळत नाही. ही चाचणी मालाबद्दल शंका घ्यायला चांगली, दाखला द्यायला नाही.

मोजमाप हवं तर एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून प्रत्येक किती ते मोजणारं यंत्र. हे यंत्र बहुतेक खासगी अन्नप्रयोगशाळांत असतं, आणि कुमारिन अतिनील प्रकाशात स्पष्ट दिसत असल्याने काम तुलनेने सोपं. युरोपात मर्यादा दालचिनीवर नाही, तयार पदार्थांवर आहे: दालचिनीचा उल्लेख असलेल्या पारंपरिक, सणासुदीच्या भाजलेल्या पदार्थांत किलोला 50 मिलिग्रॅम, इतर गोड बेकरी मालात 15, न्याहारीच्या धान्यपदार्थांत 20, डेझर्टमध्ये 5. समजा तुमच्या नानकटाईत शेकडा 1 भाग तज आहे. कुमारिन झालं किलोला 30 मिलिग्रॅम. एका रकान्यात पास, दुसऱ्यात नापास. म्हणून नानकटाई किंवा बिस्किटं बाहेर पाठवणाऱ्यांना माझा सल्ला: तपासणीआधी खरी दालचिनी वापरायचा विचार करा. महाग पडते खरी, पण दरवेळी प्रश्नच मिटतो.

जिरं: इथे डोळा हरतो

जिऱ्याचं स्वतःचं विष काही नाही. अडचण आहे तणाची. भुरुंडी पाहिली असेल तुम्ही, विंचवाच्या नांगीसारखा वळलेला फुलोरा येणारी. तिच्या प्रजातीतली तणं जिऱ्याच्या शेतात उगवली आणि कापणीत सोबत आली, की पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाचा विषांचा गट मालात उतरतो. आपला खुळखुळा ज्या प्रजातीतला, आणि पावसाळ्यानंतर सह्याद्रीची पठारं पिवळी करणारी सोनकी ज्या प्रजातीतली, त्या दोन्ही प्रजाती याच विषांसाठी ओळखल्या जातात.

ही विषं यकृतात गेल्यावर आणखी जहाल होतात आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद करतात. आपल्या देशाने हे भोगलंय. 1970च्या दशकात, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात, गोंदलीच्या धान्यात खुळखुळ्याच्या प्रजातीतलं बी मिसळलं होतं. पोटात पाणी होऊन आजारी पडलेल्या 67 जणांची नोंद झाली, त्यातले 28 दगावले. गोंदली म्हणजे आपल्या वरईचं भावंड. पिकवून खाणाऱ्या घरांवर ते आलं. म्हणून तण निवडण्याच्या कामाला मी कधी कमी लेखत नाही.

पण मसाल्यात विषाचं प्रमाण त्याहून फार कमी असतं आणि प्रश्न असतो वर्षानुवर्षांच्या सेवनाचा. युरोपने 1 जुलै 2022 पासून जिऱ्याला किलोमागे 400 मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा लावली. वाळलेल्या पाल्याच्या मसाल्यांना साधारण तीच, ओरेगॅनो आणि मार्जोरमला 1000. आता 400 मायक्रोग्रॅम म्हणजे किती? एखाद्या तणात वजनाच्या 1 टक्का अल्कलॉइड आहे असं धरलं, तर एक किलो जिऱ्यात 40 मिलिग्रॅम तण पुरेसं आहे. चिमटीत मावेल इतकं. त्यातही ते पानाचा चुरा किंवा देठाचा तुकडा असेल, तर निवडणाऱ्या बाईच्या हाताला लागणार कसं? रंगाच्या थेंबांनीही इतक्या कमी प्रमाणात काही सिद्ध होत नाही. भाजल्याने जाईल या भरवशावरही राहू नका.

इथे एलसी-एमएस/एमएस हेच यंत्र, घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंच्या वस्तुमानावरून अगदी कमी प्रमाणातही ओळखणारं. ते महाग आहे, एचपीएलसीच्या कितीतरी पट. पण पैसे भरण्याआधी प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा.

पहिली, यादी. युरोपच्या नियमात 21 अल्कलॉइडांची बेरीज धरतात, शिवाय यंत्रात त्यांच्याबरोबरच बाहेर पडणारी आणखी 14. वस्तुमान एकच आणि रचना जराशी वेगळी, अशी जुळी भावंडं यात बरीच आहेत. पाचदहा अल्कलॉइड मोजून दिलेला अहवाल युरोपच्या खरेदीदाराला उपयोगाचा नाही.

दुसरी, एन-ऑक्साइड रूपं, म्हणजे याच अल्कलॉइडांची ऑक्सिजन जोडलेली रूपं, मोजता का? वनस्पतीत या विषांचा मोठा वाटा त्याच रूपात असतो. ती वगळली तर अहवाल स्वच्छ येतो आणि माल तसाच राहतो.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: यंत्र किती कमी प्रमाण खात्रीने मोजतं? समजा प्रत्येक अल्कलॉइडसाठी ती सीमा 50 मायक्रोग्रॅम आहे. 21 पैकी प्रत्येकापुढे ‘आढळले नाही’ लिहिलं, तरी प्रत्येक 49 असू शकतं आणि बेरीज हजाराच्या वर जाते. मर्यादा 400 ची. अशा कागदाला अर्थ नाही. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता नुसती आहे का हे बघून थांबू नका. मान्यतेच्या व्याप्तीत मसाल्यातली ही चाचणी आहे का, हे त्यांच्या प्रमाणपत्राच्या परिशिष्टात वाचा. मसाला मंडळाची नवी मुंबईतली प्रयोगशाळाही चौकशीच्या यादीत असू द्या.

आता नमुन्याचं. माझ्या ओळखीतल्या एका गटाने वरच्या पोत्याच्या तोंडातलं ओंजळभर जिरं पिशवीत भरून पाठवलं. अहवाल उत्तम आला. खरेदीदाराने पूर्ण लॉटमधून नमुने काढले तेव्हा तोच माल अडकला. प्रयोगशाळेचं काही चुकलं नव्हतं, तिने त्या ओंजळीबद्दल खरंच सांगितलं होतं. तण शेतात सगळीकडे सारखं नसतं, एखाद्या बांधालगत दाट आणि बाकी रान साफ, आणि पोत्यांतही ते तसंच येतं. म्हणून जितक्या जास्त पोत्यांतून जमेल तितक्यांतून, वरून, मधून, तळातून पोकळ सळईने थोडं थोडं काढा. स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र करा, ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. किलोभर उरेपर्यंत. हे करायला दुपार जाते आणि कंबर दुखते. पण हलगर्जीने काढलेला नमुना महागड्या यंत्रात घालण्यापेक्षा ती दुपार मी केव्हाही देईन.

बाद्यानबद्दल थोडक्यात

बाद्यान म्हणजे चक्रीफूल. त्याचा एक जपानी नातेवाईक विषारी आहे, त्यातल्या अॅनिसॅटिनने झटके येतात. 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाद्यानाच्या चहाबद्दल इशारा दिला होता तो याच मिसळीमुळे. दोन्ही फळं इतकी सारखी दिसतात की डोळ्यावर विसंबू नये, आणि पुडीत तर शक्यच नाही. माल कुठून आला हे सांगू शकणाऱ्याकडूनच अख्खं चक्रीफूल घ्या. तान्ह्या बाळाला पोटदुखीसाठी बाद्यानाचं पाणी पाजू नका.

तर पैसे कुठे?

वर्षाला एकच मोठी तपासणी परवडत असेल आणि माल इथल्याच ग्राहकांना जात असेल, तर निवडणारे हात, भिंग आणि अख्ख्या मालाची खरेदी यांवर खर्च करा. दालचिनीची पूड एकटी विकत असाल तर त्यातून एचपीएलसीचे पैसे काढा. युरोपात जिरं किंवा जिऱ्याचा मसाला जाणार असेल, तर सगळे पैसे एलसी-एमएस/एमएसला द्या, आणि तेही मसाला कुटायच्या आधी, नुसत्या जिऱ्याच्या लॉटवर. तयार मसाल्यात दहा-पंधरा जिन्नस एकमेकांत मिसळलेले असतात. बेरीज जास्त आली तर विष कशातून आलं, हे शोधत बसावं लागतं आणि तोवर सगळा घाणा वाया गेलेला असतो. जिरं देणाऱ्या व्यापाऱ्याला शेत कुठलं, तण कधी काढलं हेही विचारा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची 2014 सालची मार्गदर्शिकाही हेच सांगते, की हा प्रश्न शेतातच तण आवरून सोडवायचा.

आणि लॅबला पाठवलेल्या किलोबरोबरच, त्याच ढिगातलं पाव किलो जिरं हवाबंद डब्यात, लॉट नंबर आणि तारीख लिहून, माल विकला जाईपर्यंत कोरड्या जागी जपून ठेवा. वाद झालाच तर दुसऱ्यांदा तपासायला तेच हाताशी असतं.