टोपाला हीटर बसवून घेतला: साकीनाक्याचा गाळा पाचपैकी चार, इलेक्ट्रिकचं काम मात्र दुसऱ्याकडून करा

आधी एक क्लिअर करते, कारण "टोपाला कॉइल बसवून वाफ काढायचीय" म्हणलं की समोरचा डोळा मारतोच. दारू नाही. ती घरी गाळणं महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे आणि मला त्यात इंटरेस्टही नाही. मी आणि माझी नणंद साबण बनवून विकतो, त्याला गुलाबपाणी आणि गवती चहाचा अर्क लागतो, आणि बाजारात प्युअर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं सेंट टाकलेलं पाणी असतं. म्हणून आमचं आम्हीच काढतो.

इतके दिवस गॅसवर चाललं होतं. पण 24 लिटरचा टोप शेगडीवर चढवला की बाजूच्या बर्नरवर साधा कुकर मावत नाही, गवती चहाला दोन-तीन तास जातात, वाळा तर अख्खा दिवस खातो, तोपर्यंत घरच्यांनी काय उपाशी बसायचं? इंडक्शन ट्राय केला, पण तो कमी पॉवरवर सलग चालतच नाही, थोडा वेळ फुल्ल मग थोडा वेळ बंद, असं करत राहतो आणि वाफ पण तशीच धक्के देत येते. मग ठरवलं की टोपाच्या आतच एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी विजेची कॉइल, टाकायचं.

आता गाळ्याबद्दल. साकीनाक्याला आत गल्लीत स्टेनलेस स्टीलचं काम करणारा फॅब्रिकेटर आहे, हॉटेलवाल्यांचे स्टीमर, बेन मारी वगैरे बनवतो. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि काका माणूस म्हणून चांगला आहे. मी टोप पुढे केला तर पहिला प्रश्न हाच, "ताई, भट्टी लावताय की काय?" गुलाबपाणी म्हणलं तर हसला, पण नंतर स्वतःच म्हणाला की मग तांब्याच्या कॉइलपेक्षा स्टीलचीच टाका, फुलांचं काम आहे तर आतून साफ ठेवता येईल असं पाहिजे. हे मला आवडलं, कारण मी आधी ज्या दोन ठिकाणी विचारलं तिथे "भोक पाडून गिझरची कॉइल ठोकून देतो, अर्ध्या तासात" असं उत्तर होतं.

त्याने दोन पर्याय दिले. एक, टोपाला एक इंची सॉकेट वेल्ड करून त्यात आटे असलेलं एलिमेंट फिरवून बसवायचं. स्वस्त. दुसरा, दोन इंची ट्राय-क्लॅम्पचा फेरूल (कड असलेली आखूड नळी) वेल्ड करायचा, म्हणजे एलिमेंट क्लॅम्पने अडकतं आणि कधीही हाताने काढून धुता येतं, दुधाच्या डेअरीत पाइप जोडतात तसा प्रकार. मी दुसरा घेतला आणि मी म्हणेन की तुम्ही पण तोच घ्या, जास्तीचे पैसे गेले तरी. कारण पाल्याचा चिकट अंश एलिमेंटवर बसतोच आणि आटेवालं एलिमेंट दरवेळी टेफ्लॉन टेप काढून-लावून साफ करायचा कंटाळा येतो, मग आपण ते करतच नाही, मग पुढच्या गुलाबपाण्याला जळका वास.

आटेवालंच घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा, ऑनलाइन जी अमेरिकन टाइपची एलिमेंट मिळतात त्यांचे आटे आपल्या बीएसपी (आपल्याकडचं पाइपाच्या आट्यांचं माप) सॉकेटला जुळत नाहीत. एक इंचात आपल्याकडे 11 आटे, त्यांच्याकडे साडेअकरा. एक-दोन फेरे छान जातात, वाटतं बसलं, मग अडकतं आणि गळतं. शिवाय त्यावर लिहिलेले वॉट 240 व्होल्टचे असतात, आपल्या 230 ला थोडे कमीच मिळणार.

वेल्डिंग टॉप क्लास. पाऊण सेकंद पण घाई नाही, आर्गॉन गॅस लावून टिग वेल्डिंग केलंय, बाहेरून बोट फिरवलं तर जोड कळत नाही. भोक तळापासून दोन इंच वर घेतलं, म्हणजे कॉइल आडवी राहते आणि पाणी बरंच आटलं तरी उघडी पडत नाही. हे महत्त्वाचं आहे, चालू एलिमेंट पाण्याबाहेर आलं की मिनिटभरात लाल होऊन जातं, त्यानंतर ते फेकायचंच. कॉइलच्या वर छिद्रांची जाळी बसवायला आतून तीन छोटे टेकू पण दिले, पाला जाळीवर राहतो, कॉइलला चिकटत नाही. हे मी मागितलं नव्हतं, त्यानेच सुचवलं.

पण आतल्या बाजूला जोडाभोवती निळसर-तपकिरी पट्टा तसाच सोडला होता. बहुतेक गिऱ्हाईक बघत नसेल. तो पट्टा म्हणजे तापून स्टीलचा वरचा थर बिघडलेला असतो, तिथेच पुढे गंज धरतो. बोलल्यावर पिकलिंग पेस्ट (तो थर काढणारी ॲसिडची पेस्ट) लावून साफ करून दिला, कुरकुर नाही केली, पण सांगावं लागलं. आणि "परवा या" हा गाळ्याचा आवडता शब्द आहे, आठवड्याचं काम धरा आणि वर अजून थोडे दिवस धरा. गॅस्केट पण त्याने सिलिकॉनची दिली होती, ती मी बदलून टेफ्लॉनची टाकली, कारण गवती चहाच्या तेलात सिलिकॉन फुगतं. गुलाबपाणीच करणार असाल तर चालेल.

एलिमेंट लोहार चाळीतून घेतली. क्रॉफर्ड मार्केटला उतरून आत शिरा, दुकानामागून दुकान हेच आहे. मी एक हजार वॉटच्या दोन घेतल्या, एक दोन हजारची नाही, कारण खाली सांगते. घासाघीस करताना मल्टीमीटर सोबत ठेवा, दुकानदाराला राग येत नाही, त्यांच्याकडे पण असतो. 230 व्होल्टला एक हजार वॉट म्हणजे 53 ओहमच्या आसपास रीडिंग यायला हवं. एका दुकानात 'हजार वॉट' छापलेल्या कॉइलने 66 दाखवलं, म्हणजे ती आठशेची होती, सरळ झोल. दुसरं रीडिंग टर्मिनल आणि बाहेरच्या नळीमध्ये घ्या, तिथे आतून जोड दाखवायलाच नको. नळी इन्कोलॉयची (गंज न धरणारा निकेलचा मिश्रधातू) मिळाली तर उत्तम, नाहीतर स्टील 316, साधी निकेल चढवलेली तांब्याची आमच्या कामाला नको.

आणि गिझरचं रेडीमेड असेंब्लीचं एलिमेंट थर्मोस्टॅटसकट घेऊ नका. तो थर्मोस्टॅट साठ-सत्तरला कट मारणार, तुमचं पाणी उकळणारच नाही. बऱ्याच जणांना इथे तापमानाचा कंट्रोलर बसवायचा असतो, लॅमिंग्टन रोडवर पीआयडी आणि एसएसआरचा सेट घेऊन येतात, छान दिसतो डिजिटल आकडा. पण पाणी एकदा उकळलं की काहीही करा 100 वरच राहतं, दोन हजार वॉट द्या नाहीतर पाचशे. बदलतो तो फक्त वाफेचा वेग. म्हणजे कंट्रोल पॉवरचा पाहिजे, तापमानाचा नाही.

म्हणूनच दोन कॉइल. आमच्या बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियन दादाने रोटरी स्विच लावून दिला, दोन्ही पॅरलल लावल्या की 2000, एकच लावली की 1000, आणि दोन्ही एकामागे एक सिरीजमध्ये लावल्या की 500 वॉट. जुन्या हॉटप्लेटमध्ये लो-मिडियम-हाय असंच असायचं म्हणे. एकही इलेक्ट्रॉनिक पार्ट नाही, बिघडायला काही नाही. दहा लिटर पाणी फुल्लवर हिशोबाने पंचवीस मिनिटांत उकळतं, प्रत्यक्षात अर्धा तास धरा, मग गवती चहाला 1000 वर, गुलाबाला 500 वर. हजारवर थिअरीने तासाला दीड लिटरच्या थोडं वर वाफ निघायला हवी, आम्हाला सव्वाच्या आसपास मिळते, बाकीची उष्णता टोपाच्या भिंतीतून जाते. टोपाला बाहेरून सुतळी गुंडाळली तर थोडं वाढतं असं नणंद म्हणते, मला फरक दिसला नाही.

आता मुख्य तक्रार. काकाचं इलेक्ट्रिकचं ज्ञान शून्य आहे आणि त्याला ते मान्य पण नाही. टर्मिनल उघडेच ठेवून दिले, वर म्हणतो, "टू-पिन लावा ताई, सगळे तसंच लावतात." अहो टोप लोखंडाचा... म्हणजे स्टीलचा, पाण्याने भरलेला, खाली ओली फरशी, मी अनवाणी! अर्थिंगसाठी टोपाच्या बॉडीला एक बोल्ट वेल्ड करून द्या म्हणलं तर "कशाला" म्हणून पाच मिनिटं वाद. करून दिला शेवटी. तर हे मागून घ्याच, टोपाला कायमचा अर्थ बोल्ट, त्याला अर्थची वायर लगने घट्ट, टर्मिनलवर बंद होणारा डबा, 16 अँपियरचा थ्री-पिन, आणि लाइनवर 30 मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). 2000 वॉट म्हणजे पावणेनऊ अँपियर, साध्या 6 अँपियरच्या सॉकेटला हे लावायचंच नाही, आमच्यासारख्या जुन्या चाळीच्या वायरिंगला तर आधी दाखवून घ्या.

पावसाळ्यात एक गंमत होते तीही सांगते. एलिमेंटच्या आत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते, ती हवेतला ओलावा ओढते. महिना-दोन महिने वापरलं नाही की चालू केल्याबरोबर आरसीसीबी पडते. एलिमेंट खराब झालं असं समजून फेकू नका आणि कृपा करून आरसीसीबी बायपास तर अजिबात करू नका. काढून सुकवायचं, इलेक्ट्रिशियनकडून मेगर (करंट गळतोय का ते तपासायचं मीटर) लावून बघायचं, मगच परत. ट्राय-क्लॅम्पचा इथे पण फायदा, दोन मिनिटांत बाहेर.

झाकणाला आम्ही अजून कणकेचाच सील लावतो. काका म्हणाला चारी बाजूंनी क्लॅम्प मारून व्हॉल्व्ह बसवून देतो, मी नाही म्हणलं. वाफेच्या वाटेत व्हॉल्व्ह नकोच, कधी चुकून बंद राहिला किंवा पाला जाऊन पाइप तुंबला तर आत प्रेशर तयार होणार, कणीक असली तर ती सुटते आणि प्रश्न तिथेच मिटतो. आणि हीटर चालू असताना आम्ही दोघींपैकी कोणीतरी तिथे असतोच.

पहिल्यांदा नुसतं पाणी घालून चालवा, नवीन एलिमेंटला कारखान्याच्या तेलाचा वास असतो, तो जायला वेळ लागतो. मुंबईचं नळाचं पाणी तलावाचं, म्हणून क्षार फार नाही जमत, पण टँकरचं किंवा बोअरचं वापरत असाल तर कॉइल पांढरी पडेल, लिंबूसत गरम पाण्यात टाकून तासभर भिजवा.

वेल्डिंगला पाच स्टार, वागण्याला चार, वेळेला दोन, इलेक्ट्रिकला शून्य. माझ्याकडून टोटल चार, कारण मी त्याच्याकडे वेल्डिंगसाठीच गेले होते. लोहार चाळीतली कॉइल बदलून देतात पण फक्त न वापरलेली, बिल जपून ठेवा. गाळा रविवारी बंद असतो, जायचं तर सकाळी जा, दुपारी काका हॉटेलवाल्यांच्या कामात असतो आणि मग "परवा या" ऐकून यावं लागतं.